वाटाड्याचा चष्मा

तक्रार घेऊन आलेलं गिऱ्हाईक मी दारातूनच ओळखते. ते चष्मा नाकावर घालून येत नाही, दोन बोटांत धरून येतं आणि काउंटरवर ठेवताना मुद्दाम आवाज करतं. हा मात्र चष्मा घालून आला, हसत आला, आणि सोबत सायकल घेऊन थेट दुकानात शिरला. चाकांना चिखल होता. मी सकाळीच फरशी पुसली होती.

मागच्या आठवड्यात त्याचे डोळे मीच तपासले होते, पण त्या दिवशी दुकानात इतकी गर्दी होती की त्याचा नंबर माझ्या लक्षात राहिला, चेहरा नाही. खरं तर चेहरा लक्षात राहण्यासारखा होता... पण ते नंतर.

त्याचं म्हणणं असं होतं की उभं राहिलं की चष्मा झकास आहे, चालतानाही काही अडचण नाही, पण सायकलवर बसलं की सगळं धुक्यात जातं. समोर पाटी आहे एवढं कळतं, पाटीवर काय लिहिलंय ते कळत नाही. मी विचारलं, काम काय करता? तो शांतपणे म्हणाला, "लोकांना रस्ता दाखवतो."

मला हसू आवरलं नाही. समोरच्या फुटपाथवर सायकल सहलींचं ऑफिस आहे, तिथला तो गाइड निघाला. दहा-बारा जणांचा ग्रुप घेऊन आठवडाभर गावोगाव फिरायचं. रस्ते पाठ होते म्हणून निभावलं होतं. मी मनातल्या मनात त्याचं नाव वाटाड्या ठेवून टाकलं.

हसून झाल्यावर मात्र माझा चेहरा पडला, कारण चूक माझी होती. मी त्याचं माप खुर्चीत ताठ बसवून घेतलं होतं, जसं सगळ्यांचं घेते. सायकलवर माणूस पुढे वाकतो, मान वर करतो आणि काचेच्या अगदी वरच्या कडेतून बघतो. फ्रेम खाली घसरलेली असेल तर चक्क चष्म्यावरून बघतो. हे मला सुचायला हवं होतं. त्याचा धंदा काय, हे विचारायचंही मला सुचलं नव्हतं.

"बसा," मी म्हणाले.

"कुठे?"

"सायकलवर."

तो एका हाताने कपाटाला धरून सायकलवर बसला आणि हँडलवर वाकला. मी समोर छोट्या स्टुलावर बसले, नवी फ्रेम त्याच्या नाकावर नीट बसवली आणि काचेवर बुबुळाची जागा टिपायला पेन हातात घेतलं. या कामात चेहरा फार जवळ आणावा लागतो. रोज आणते, कधी काही वाटत नाही.

"माझ्याकडे बघू नका, लांब बघा."

"समोर तुम्हीच आहात."

"मग माझ्या पलीकडे बघा."

"पलीकडचं काही दिसत नाहीये... चष्मा चुकलाय ना."

माझा हात कधी हलत नाही. त्या दिवशी ठिपका नाकाच्या बाजूला भलतीकडेच पडला. तो पुसून पुन्हा काढावा लागला. तो ओठ दाबून हसला. मला तो तिथेच आवडला, उगाच आढेवेढे कशाला घेऊ.

जाताना त्याला काउंटरवर त्यांच्याच ऑफिसची माहितीपुस्तिका दिसली. एका पानावर गाइडसह सहली, दुसऱ्या पानावर स्वतंत्र सहली, आणि दोन्ही पानं माझ्या बोटांनी मळलेली. घोडं कुठे अडलंय, असं त्याने विचारलं, आणि मी अनोळखी माणसाला घरातलं सगळं सांगून बसले.

वर्षातून एकदा मिळणारी मोठी सुट्टी जवळ आली होती. सायकलवरून जायचं हे माझं ठरलं होतं. पण बाबा गेल्यापासून माझं सगळं दादा ठरवतो. कॉलेज त्याने ठरवलं, ही नोकरी त्याने बघितली, माझ्या खोलीचे पडदेसुद्धा तोच घेऊन आला. माणूस वाईट नाही. माझ्यावर जीव टाकतो, आणि म्हणूनच त्याच्याशी भांडता येत नाही. त्याचं म्हणणं होतं, ग्रुपमधून जा, नाहीतर जाऊच नको. वहिनी भाजी चिरता चिरता माझ्या कानात म्हणाली होती, एकटीच जा आणि रोज फोन कर. मला एकटीनेच जायचं होतं. आणि नदीवरच्या पुलापलीकडे मी कधी एकटी गेले नव्हते.

वाटाड्याने मला दोन्ही बाजू समजावून सांगितल्या. गाइडसोबत गेलं की पंक्चर काढणारा सोबत असतो, सामान गाडीतून येतं, संध्याकाळी जेवायला भरलेलं टेबल असतं. मात्र एखादी जागा आवडली तर तिथे सगळे थांबतील तेवढंच थांबायचं. स्वतंत्र गेलं की ऑफिस नकाशा देतं, मुक्कामाच्या खोल्या ठरवून देतं, बॅग एका खोलीतून पुढच्या खोलीत पोचवतं. बाकी रस्ता आपला, ऊन आपलं, पाऊस आपला.

"आणि चुकले तर?"

"तर चुकलात. सायकलवरून माणूस फार लांब चुकत नाही."

मी म्हटलं, असंच सांगत राहिलात तर तुमच्या ग्रुपमध्ये कोण येणार? तो म्हणाला, चष्मेवाल्यांना खोटं सांगून उपयोग नसतो, तुम्ही सगळं डोळ्यांत बघता.

नवा चष्मा अगदी बरोबर बसला. तरी तो रोज येऊ लागला. कधी स्क्रू सैल वाटायचा, कधी नाकावर टोचायचं, कधी नुसतं पुसायला फडकं हवं असायचं. एकदा आमच्या मालकीणबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "या माणसाच्या नाकाला झालंय तरी काय?" मी कान लाल होईपर्यंत काचा पुसत राहिले.

संध्याकाळी तो माझी तयारी करून घ्यायचा. नदीकाठच्या रस्त्याने मी पुढे, तो मागे. गाइड पुढे असतो असं मी समजत होते. तो म्हणाला, पुढचे आपोआप जातात, ज्याला धाप लागते त्याच्यासोबत कुणी नको का? मागून त्याचा आवाज यायचा, गिअर हलका करा, खांदे सैल सोडा... पण फाटा आला आणि मी मागे वळून बघितलं, की हा आकाशाकडे बघत बसायचा. डावीकडे की उजवीकडे, ते काही सांगायचा नाही. मला राग यायचा, मग मीच कुठेतरी वळायचे, आणि बहुतेक वेळा कुणाच्या तरी अंगणात जाऊन पोचायचे. एकदा एका आजोबांनी आम्हाला आलुबुखार दिले. ओंजळभर. तेवढ्यात पाऊस आला, आम्ही त्यांच्या गोठ्याच्या छपराखाली उभे राहून ते संपवले, आणि पाऊस थांबला तरी दोघांपैकी कुणीच निघूया म्हणालं नाही.

मग एके दिवशी त्याने सांगितलं की पुढच्या टूरनंतर त्याची बदली आहे. डोंगरापलीकडच्या ऑफिसात, सगळा हंगाम. टूर तिकडेच संपणार होती, तो तसाच तिथे राहणार होता. आणि टूर माझ्या सुट्टीच्या पहिल्याच दिवशी निघत होती. तिच्यात एक जागा रिकामी होती.

मी त्या रात्री घरी सांगून टाकलं की ग्रुपमधून जाते. दादाचा जीव भांड्यात पडला. वहिनीने फक्त माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी मी मनात खुशीची गाजरं खात रस्ता ओलांडला आणि ऑफिसात जाऊन म्हणाले, त्या जागेवर माझं नाव घाला.

त्याचा चेहरा आधी उजळला. मग त्याने कीबोर्डवरचा हात काढून घेतला.

"डोळे तपासताना तुम्ही काय विचारता? हे बरं दिसतंय, की हे?"

"हो. त्याचं काय?"

"त्या टूरवर मी नाही, दुसराच गाइड आहे, असं समजा. आता सांगा. हे... की हे?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. कोपऱ्यात चाकात हवा भरणाऱ्या त्याच्या मित्राने पंप थांबवला होता.

"मग मी नाव घालत नाही," तो म्हणाला.

"म्हणजे मी तुम्हाला नकोय."

"हवी आहात. फार हवी आहात." त्याचा आवाज एवढा खाली मी कधी ऐकला नव्हता. "पण घरी दादा ठरवतो, रस्त्यावर मी ठरवणार. कधी उठायचं, कुठे थांबायचं, किती वाजता निघायचं. तुम्ही तुमचं कधी ठरवणार? आठ दिवसांनी तुम्हाला माझाही राग येईल... आणि तो मला सोसणार नाही."

मला तर त्याचा तेव्हाच राग आला होता. मी त्याच टेबलावर, त्याच्या मित्राकडून, स्वतंत्र सहलीचं बुकिंग करून घेतलं आणि दार आपटून निघाले. घरी आल्यावर उशीत तोंड खुपसून रडले. त्याच्यासोबतचे जे काही दिवस हातात होते तेही गेले होते, आणि तो बरोबर बोलला होता, हे त्याहून झोंबत होतं.

दादाने अबोला धरला. निघायच्या दिवशी मात्र माझ्या चाकांची हवा त्यानेच दोनदा तपासली.

पहिला दिवस मी रडत चालवला, दुसरा चिडत. तिसऱ्या दिवशी पंक्चर झालं. मी सगळी अवजारं गवतावर मांडली, चाक काढलं, ट्यूब बदलली, आणि चाक उलटं बसवलं. पुन्हा काढलं. हात कोपरापर्यंत काळे झाले. शेवटी चाक फिरलं तेव्हा मी रस्त्यात उभी राहून स्वतःशीच मोठ्याने हसले, आणि कुंपणापलीकडची गाय माझ्याकडे बघत राहिली. त्यानंतर मात्र मला काय झालं कुणास ठाऊक. एका तळ्याकाठी मी अख्खी दुपार बसले, कारण मला बसायचं होतं. एका गावात बेकरीचा वास आला म्हणून जेवणाआधीच दोन वेळा नाश्ता केला. भिजले, वाळले, पुन्हा भिजले. संध्याकाळी खोलीत एकटीने सूप पिताना मला सारखं वाटायचं की कुणीतरी येऊन आता झोप म्हणेल. कुणी आलं नाही. मी खिडकी उघडी टाकून झोपले.

मी सुखात होते. आणि त्या सुखातही तो होता, हे मला चढ चढताना कळलं. त्याचा आवाज मागून ऐकू यावा असं आता वाटत नव्हतं. जे बघत होते ते त्याला दाखवावंसं वाटत होतं. आधाराला कुणीतरी माणूस हवा असणं वेगळं आणि तोच माणूस हवा असणं वेगळं. एवढं कळायला मला एवढा घाट लागला.

त्या संध्याकाळी मी नकाशा पलंगावर पसरला. माझे शेवटचे मुक्काम नदीकाठाने परत येणारे होते. मी ऑफिसला फोन करून ते रद्द केले आणि बोटाने डोंगरावरून एक नवी रेघ ओढून बघितली. मग घरी फोन केला. दादाने फोन घेतला. मी सांगितलं की मी खिंड ओलांडून पलीकडे जाते आहे. परवानगी मागितली नाही. तो म्हणाला, वर वारा असेल, जॅकेट घाल.

खिंड कठीण होती. थोडी चढले, बरीच ढकलली. वर पोचले तेव्हा पाय लटलट कापत होते आणि समोर पलीकडचं सगळं खोरं उन्हात पसरलं होतं. उतारावर मी ब्रेक सोडले.

त्याची टूर जिथे संपणार होती त्या हॉटेलच्या मागच्या अंगणात तो सायकली धूत होता. ग्रुप सकाळीच गेला होता. बाही वर केलेली, हातात स्पंज, कोपरापर्यंत फेस. चाकांचा आवाज ऐकून त्याने मान वर केली आणि तसाच राहिला.

"रस्ता चुकलात?"

"नाही. इथेच यायचं होतं."

"कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही."

त्याने स्पंज बादलीत टाकला. माझ्या सायकलकडे, चिखलाकडे, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाला, खिंडीतून आलात? मी हो म्हटलं. त्याने बादलीतला स्पंज पुन्हा उचलला, पुन्हा टाकला, आणि मला ते फार आवडलं.

"माझी सुट्टी अजून शिल्लक आहे," मी म्हणाले. "पुढे कुठे जायचं ते ठरलेलं नाही. येतोस?"

"गाइड म्हणून...?"

"नाही. गाइडशिवाय. नुसता तू."

तो हसला, मग गंभीर झाला. म्हणाला, मी तर आता हंगामभर इकडे असणार, आणि तुझं दुकान डोंगराच्या त्या बाजूला. मी म्हटलं, डोंगर मी आत्ताच ओलांडून आलेय, फार काही नाही, वर थोडा वारा असतो.

"आणि ऐक," मी म्हणाले. "मला तू आवडतोस. हे मला कुणी सांगितलेलं नाही. माझं मी ठरवलंय."

त्याने फेसाने भरलेले हात पँटला पुसले. मग पुन्हा पुसले. मग जवळ आला आणि माझे दोन्ही हात हातात घेतले, तेव्हा मला आठवलं की वाटेत माझी चेन उतरली होती आणि माझे पंजे तेलाने काळेकुट्ट होते. त्याने ते सोडले नाहीत. बऱ्याच वेळाने आम्ही दोघांनी एकाच बादलीत हात धुतले, आणि उरलेल्या सायकली मिळून पुसल्या.