खडूची दाढ

“अगं, जपून! माझ्या दाढेवर पाय देशील!”

धुक्यातून आवाज आला आणि अर्पी एक पाय अधांतरी ठेवून थिजलीच. स्वतःच्या बुटाचं टोक दिसत नव्हतं, आणि पायाखाली कुणाची दाढ पडलीय म्हणे!

फ्रेस्नो शहरावर हिवाळ्यात धुकं उतरलं की ते द्राक्षांचे मळे, रस्ते, दिव्यांचे खांब सगळं गिळून बसतं. त्या दिवशी शाळा उशिरा भरते, आणि तसं पहाटेच कळवतात. पण अर्पीबाई फोन बघतील तर ना! मुलाखतीची उत्तरं घोकत घोकत त्या वेळेवर हजर, आणि शाळेला कुलूप.

पायरीवर एक मुलगा बसला होता. ओले केस, एवढ्या थंडीत कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, हातात छोटी सुरी. त्यानं पायरीवरचा पांढरा तुकडा उचलला आणि त्यावरचा भुगा फुंकला. जाड खडू कोरून केलेली दाढ होती ती, अर्धवट.

“खडू?” अर्पीला हसू आलं. “आता खडू कोण कोरतं? सगळे साबण नाहीतर मेण कोरतात.”

“असं का? मला कुणी सांगितलंच नाही.” तो तिच्याकडे बघतच राहिला. “म्हणजे तूपण त्याच रांगेत?”

त्याच रांगेत होती बिचारी. बारावी झाली की थेट डेंटिस्टच्या अभ्यासाला जागा पक्की करायची, मधली वर्षं वाचवायची, असं एक कॉलेज उत्तरेला होतं. अर्ज ढिगानं, जागा मोजक्या. हाताची सफाई दिसावी म्हणून मुलं दात कोरून न्यायची. अर्पीची आई बेकरीत उभी राहून राहून पाय सुजवून घरी यायची, आणि ही जागा मिळवायचीच असं अर्पीनं मनाशी घट्ट धरलं होतं.

“मलापण तिथंच जायचंय,” तो म्हणाला. “झावेन.”

“मी अर्पी. म्हणजे आपण वैरी झालो की!”

“वैऱ्याला बसायला जागा देतो मी.” तो हसला, आणि हसताना त्यानं चटकन तोंडावर हात धरला.

डेंटिस्ट व्हायला निघालेली मुलगी ती, तिला राहवेना. “हात काढ. दात बघू दे.”

“पहिल्याच भेटीत? तुमच्या घरी मुलीला असंच शिकवतात का?”

तिचे कान तापले. पण त्यानं हात काढला... डावीकडचा सुळा शेजारच्या दातावर चढून बसलेला, टोक उडालेलं.

“अक्रोड फोडला होता,” तो म्हणाला. “आई ओरडत होती तरी.”

इतका वाकडा दात इतका गोड दिसावा, हे काही बरं नव्हे असं अर्पीला वाटलं. ती बराच वेळ बसली. तिच्या तोंडातून वाफांवर वाफा निघत होत्या. त्याच्या तोंडातून एकही निघत नव्हती, पण तेव्हा तिचं लक्ष होतं कुठं!

मग ती धुक्याची वाटच बघायला लागली. आई खिडकीतून बाहेर बघून कपाळाला हात लावायची आणि ही आरशासमोर! झावेन फक्त धुक्याच्या दिवशीच यायचा.

“बाकीचे दिवस कुठं असतोस रे?”

“बाकीचे दिवस मला उजाडतच नाही,” तो म्हणायचा, आणि ती त्याला कोपर मारायची. कोपर लागायचं ते ओल्या, गार मातीला लागल्यासारखं. “थंडीनं मरशील,” ती म्हणायची. तो हसायचा.

त्यानं तिला दाढेचे उंचवटे कसे वळवायचे ते शिकवलं. तिचं बोट धरून साबणावरून फिरवलं. स्वतःची दाढ मात्र तो पुरी करत नव्हता, शेवटचा उंचवटा राहूनच जायचा.

एकदा तिनं डब्यातून उकडलेले गहू आणले, बेदाणे, अक्रोड आणि दालचिनी घातलेले. बहिणीच्या बाळाला पहिला दात आला होता. त्यांच्यासारख्या आर्मेनियन घरात असा दात आला की बाळाच्या डोक्यावर गहू उधळतात, आणि पुढ्यात कात्री, पुस्तक, कंगवा असं मांडतात. बाळ जे उचलेल तो त्याचा पुढचा धंदा.

“मी डेंटिस्टचा आरसा उचलला होता,” अर्पी म्हणाली. “आमच्या डेंटिस्ट बेद्रोसकाकांनी मुद्दाम ठेवलेला. तू काय उचललंस?”

“काहीच नाही.” झावेननं एक बेदाणा चिमटीत धरला, खाल्ला मात्र नाही. “सगळं तसंच सोडून रांगत दाराबाहेर गेलो म्हणे. आई कितीतरी वर्षं ते सांगून हसायची...”

“आणि आता?”

“आता नाही हसत.” तो धुक्यात बघत राहिला. “अर्पी, मुलाखतीला मला घेऊन जाशील? तुझ्याच गाडीत? मला तिथं पोचायचंय गं.”

“नेईन की,” ती म्हणाली. त्यानं नुसतं बघितलं असतं तरी ती हो म्हणाली असती, इतकी ती वाहवली होती.

म्हातारे डॉक्टर बेद्रोस अर्पीच्या वडिलांचे जुने स्नेही. अर्जासाठी दवाखान्यातला अनुभव लागतो म्हणून ती शाळा सुटल्यावर त्यांच्या बाजूला उभी राहून काम बघायची. मुलाखतीच्या आदल्या दुपारी त्यांनी तिला मागच्या खोलीत धाडलं, “फळ्या पुसून घे गं जरा.” फळ्यांवर सगळ्या गावाच्या दातांच्या ठशांवरून केलेले प्लास्टरचे जबडे. पुसता पुसता एक हातात आला आणि अर्पीचं फडकं गळून पडलं.

डावीकडचा सुळा शेजारच्यावर चढलेला. टोक उडालेलं. त्याच बाजूची वरची दाढ नव्हतीच, तिथं नुसता खड्डा.

“बेद्रोसकाका... हा कुणाचा?”

काका दारातच थांबले. “झावेनचा. ती दाढ मीच काढली होती. माझ्याकडेच शिकायला यायचा, तुझ्यासारखा.” त्यांनी चष्मा काढला. “तू जन्मलीही नव्हतीस. त्याच कॉलेजच्या मुलाखतीला निघाला होता. असंच धुकं. महामार्गावर गाड्यांवर गाड्या आदळल्या. पोलिसांनी मला बोलावलं, आणि मी याच दातांवरून त्याला ओळखलं.”

“कशाला निघाला तो तसल्या धुक्यात?”

“उशीर होईल म्हणून. नुसता एक फोन करायला हवा होता गं. पण पहिल्याच दिवशी उशीर सांगायची लाज वाटली असणार पोराला.”

अर्पी घरी आली. घाबरली होती, हे तर खरंच. पण रडली ती भीतीनं नव्हे.

सकाळी दार उघडलं तर अंगणच नव्हतं. धुकं, नुसतं धुकं. ती गाडीत बसली, आणि शेजारच्या सीटवर तो आधीच बसलेला होता.

“चल,” झावेन म्हणाला. “उशीर होतोय.”

उतरून घरात पळावं असं तिला वाटलं, आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकावं असंही वाटलं. तिनं गाडी काढली. मळ्यांच्या रस्त्यानं हळूहळू, समोर पांढरी भिंत. काचा आतून दमट झाल्या. महामार्गाकडे वळायची पाटी एकदम अंगावर आली.

“जोरात घे ना.” त्याचा आवाज अगदी कानाशी. “आपण दोघं, अर्पी. यावेळी मी एकटा नाही. भिऊ नकोस, काही दुखत नाही...”

आणि पाय दाबावासा वाटला तिला! देवाशप्पथ वाटला. त्या आवाजात इतकी माया होती की कुठं जायचंय हे तिला क्षणभर आठवेना. मग तिला प्लास्टरमधला तो खड्डा आठवला. तिनं गाडी कडेला घेतली, बेदाण्यांच्या बंद दुकानासमोर, आणि किल्ली काढून मुठीत धरली.

“मी नाही येत,” ती म्हणाली. “आणि तुलाही जाऊ देत नाही.”

“आपली जागा जाईल! ते नाव कापतील!”

“जाईल तर जाईल.” तिचे दात वाजत होते. तिनं कॉलेजला फोन लावला, आवाज मोठा करून दोघांच्या मध्ये धरला. “मी फ्रेस्नोहून... इथं धुकं आहे. मला उशीर होईल.”

“अगं, मग निघूच नकोस,” पलीकडच्या बाई म्हणाल्या. “तुमच्याकडचं धुकं आम्हाला माहीत नाही का? दुपारी ये, सावकाश.”

फोन बंद झाला. झावेन फोनकडे बघत राहिला.

“एवढंच?” तो म्हणाला.

“एवढंच रे.”

“एवढंच होतं...” आणि तो हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे भरले, पण हात तोंडावर गेला नाही. चढलेला सुळा, उडालेलं टोक, बाजूचा खड्डा, सगळं तिला दिसू दिलं त्यानं.

मग त्यांनी वाट बघितली. तिनं वाटेसाठी घेतलेला उकडलेल्या गव्हांचा डबा उघडला, या वेळी त्यानं गहू खाल्ले. खिशातून सुरी काढून शेवटचा उंचवटा कोरायला घेतला. खर्र... खर्र...

“झावेन, मला तू आवडतोस. कळतंय मला सगळं, तरी आवडतोस.”

“मी तर पहिल्या दिवशीच...” त्याची सुरी थांबली. “पायाखाली दाढ नव्हतीच गं. हातातच होती माझ्या. तू निघून जाऊ नयेस म्हणून ओरडलो, मग गुपचूप पायरीवर ठेवली.”

“लबाड!” ती रडत रडत हसली आणि तिनं त्याचा हात धरला. गार होता, पण आधीचा गारठा नव्हता.

धुकं पातळ झालं. वेलींची पहिली रांग दिसली, मग दुसरी.

“तो बघ मळा,” तो लहान मुलासारखा म्हणाला. “अर्पी, उजाडलं!”

तिनं वळून बघितलं तेव्हा ऊन रिकाम्या सीटवर पडलं होतं. सीट ओली होती, आणि त्यावर खडूची दाढ होती, पुरी झालेली.

दुपारी अर्पीनं मुलाखत दिली. वसंतात जागा मिळाल्याचं कळलं तेव्हा ती आईच्या गळ्यात पडली, आणि तिथून उठून थेट दवाखान्यात गेली. मागच्या खोलीत तिनं तो जबडा उतरवला आणि रुमालातली दाढ डावीकडच्या खड्ड्यात ठेवली. दाबावी लागली नाही. ती चपखल बसली, कोपरे, उंचवटे, सगळं.

बेद्रोसकाका जवळ आले. त्यांनी बोट त्या दाढेवरून फिरवलं.

“ही तर त्याचीच,” ते म्हणाले. “मी काढलेली, तीच. तुला कुठं मिळाली पोरी?”

“वाट बघताना,” अर्पी म्हणाली.