तुटक्या पुलाची दोन टोकं

“अहो, मागे व्हा, पडाल ना!”

आगगाडी बंद होऊन जमाना लोटला होता, रूळही कुणी उपटून नेले होते. तरी गाडीच्या जुन्या वाटेने नाकासमोर चालत आलेली ती तरुणी पुलाच्या टोकाशी थबकली. पुलाचा मधला लोखंडी भाग केव्हाच भंगारात गेला होता. खाली नदी, आणि पलीकडच्या टोकावर पाय सोडून एक तरुण चित्र काढत बसलेला. त्यालाच ती ओरडली होती.

“तुम्हीही तेवढ्याच कडेला उभ्या आहात,” पलीकडून खणखणीत आवाज आला.

तिने खाली पाहिलं आणि गुपचूप दोन पावलं मागे घेतली. तो हसला. ते हसणं वाऱ्यावरून इकडे आलं आणि तिला उगीचच आवडलं.

ती दातांच्या दवाखान्यात आलेल्यांना नंबर द्यायच्या टेबलावर बसायची. बधिर जबड्याने पुटपुटणाऱ्या माणसांची वाक्यं पुरी करणं हे तिचं अर्धं काम. सवय अशी जडली की घरीही ती कुणाचं वाक्य शेवटाला जाऊ देत नसे. “हिच्याशी बोलायचं म्हणजे आपण नुसतं तोंड उघडायचं, बाकीचं ही बघते,” असं तिची आई म्हणायची. सुट्टी मिळाली की मात्र ती या ओसाड वाटेवर येई. झुडपांत एखादा सिग्नलचा खांब अजून ताठ उभा दिसला की तिला फार बरं वाटायचं, का ते विचारू नका.

त्याचंही वेड तेच निघालं. तो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा आणि रविवारी पलीकडची वाट तुडवायचा. मग काय, दर रविवारी नदीवरून ओरडून गप्पा सुरू झाल्या.

“तुमच्या बाजूला काय काय शिल्लक आहे?” तो विचारायचा.

“बोगदा आहे. आत भिंतीत कोनाडे आहेत, गाडी आली की कामगारांनी अंग चोरून उभं राहायला. तुमच्याकडे?”

“पाण्याची टाकी. पूर्वी इंजिनं इथे पाणी प्यायची, आता चिमण्या पितात.”

“मी आले तर मला काय मिळेल?”

“चहा आणीन. बिनसाखरेचा.”

“बिनसाखरेचा का म्हणून?”

“तुम्ही बोलत बसाल ना... साखर कशाला लागतेय?”

तिने मान वळवली. एवढ्या लांबून गालावरची लाली दिसत नाही, हे तिला सुचलंच नाही.

खाली जाळं टाकून बसलेले नाववाले काका शेवटी वैतागले. “अरे, एकदाचे भेटा तरी! माझे मासे पळतात तुमच्या प्रेमापायी.”

पुढच्या रविवारी काकांनीच त्याला होडीतून अलीकडे आणलं. जवळून तो वाटलं होतं त्यापेक्षा उंच होता, आणि त्याची कॉलर एका बाजूला आत दुमडलेली होती.

“मी... म... मला...”

“दम लागला ना? चढच तसा आहे.”

त्याने नकारार्थी मान हलवली. “तु... तुम...”

“तुम्हाला बोगदा बघायचाय. चला की.”

लाजतोय बिचारा, असं तिला वाटलं. बोगद्यात गारवा होता, छतातून थेंब ठिबकत होते. कोनाडा एका माणसापुरताच. दोघं मावतात का ते बघायला ते आत उभे राहिले. त्याची बाही तिच्या खांद्याला लागली. तिचं काळीज धडधडू लागलं, आणि धडधडलं की तिच्या तोंडाचा पट्टा आणखीच सुटायचा. विटा, चुना, वटवाघळं, सगळं सांगून झालं. ती श्वास घ्यायला थांबली तेवढ्यात तो म्हणाला, “मला तु... तुमची ब... बडब...”

“बडबड नकोशी झाली? सगळे तेच म्हणतात.” ती हसली.

तो हसला नाही. त्याने पुन्हा तोंड उघडलं, मिटलं, मान खाली घातली आणि निघून गेला.

पुढच्या रविवारी पलीकडचं टोक रिकामं. त्याच्या पुढच्याही. आपल्या बडबडीला तो कंटाळला, अशी तिची खात्री पटली. दवाखान्यात ती दोनदा रडली, आणि दोन्ही वेळा दाढ दुखते म्हणून सांगितलं. शेवटी न राहवून ती काकांकडे गेली.

“तू त्याला बोलू दिलंस का?” काकांनी विचारलं.

“तो गप्पच होता.”

“गप्प नव्हता, पोरी. अडत होता. लांबून ओरडताना सुटं बोलतो, पण माणूस जवळ आलं की जीभ अडते त्याची. लहानपणापासून. त्या दिवशी होडीत सगळी वाट एकच वाक्य घोकत होता.”

“कुठलं?”

“ते मी सांगू? म्हणजे मीही तुझ्यासारखंच करू?”

ती शरमली. मग म्हणाली, “काका, मला पलीकडे सोडा.”

तो टाकीवरचे वेल उपटत होता. तिला पाहून त्याचा चेहरा लाल झाला. त्याने हाताने तिचं टोक दाखवलं. “त... ति...”

‘तिकडून बोलतो’, म्हणजे नदीपलीकडे जाऊन लांबून बोलतो, हे तिला कळलं. शब्द अगदी ओठांवर आले. तिने ते गिळले. तो थांबत, अडत म्हणाला, “ति... तिकडून... बोलतो.”

“नको,” ती म्हणाली. “त्या दिवशी मी तुमचं वाक्य मोडलं. चुकलं माझं. ते मला इथेच, तुमच्यासमोर ऐकायचंय. मला घाई नाही.”

त्याने हातातला वेल खाली टाकला. मग सुरुवात केली.

“मला... तु... तुमची बडबड...”

पुढे शब्द येईना. त्याची मूठ आवळली गेली. ती हलली नाही, तिने मान डोलावली नाही, नुसती त्याच्या डोळ्यांकडे बघत राहिली.

“...रो... रोज... ज... जवळून ऐकायची आहे.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बोगद्यात हेच वाक्य तिने किती भलतीकडे नेलं होतं!

“मग ऐका,” ती म्हणाली. “तुम्ही मला फार आवडता. तुम्ही आला नाहीत, तेव्हा मला काही सुचत नव्हतं.”

त्याची मूठ सुटली. “आ... आणि म... मी...”

“अजून आहे?”

त्याने हसून होकारार्थी मान हलवली. ती टाकीच्या दगडी चौथऱ्यावर बसली आणि बाही धरून तिने त्यालाही शेजारी बसवलं. ते वाक्य लांबलचक होतं, वाटेत कितीदा तरी अडलं. तिने ते शेवटपर्यंत ऐकलं.