गजराच्या कळीवरचा अंगठा

पहिल्या दिवशी तो भलत्याच वेळी आला. छापखान्याचा नवा मुद्रितशोधक; दारातूनच म्हणाला, "कोशकार सर उठलेत का? पान न्यायचंय."

कोशकार सर म्हणजे तिचे बाबा; त्यांना जाऊन नऊ दिवस झाले होते. तिने तसं सांगितलं, तेव्हा बिचाऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पान एकच उरलं होतं. बाबांच्या कोशातलं शेवटचं क्रियापद : *बुदिति, म्हणजे जागं करणं. आधी ताऱ्याची खूण, कारण हा आदिस्लाव, म्हणजे स्लाव भाषांच्या मूळ भाषेतला, शब्द लिहिलेला कुणीच पाहिला नाही. रशियन, पोलिश, चेक भाषांतल्या त्याच्या लेकरानातवंडांवरून तो असणारच, असं ताडलेलं. गजराच्या घड्याळाचा तिकडचा शब्दही त्याच्याच पोटचा. आपला 'बोध' लांबचा चुलतभाऊ. सगळं लिहून झालं होतं. छपाईला संमतीची तिची सही तेवढी होत नव्हती. सही केली, की बाबांचं काम संपलं.

मग तो दर गुरुवारी येऊ लागला. चार वाजता बाबांच्या औषधाचा गजर वाजायचा... ती अजून किल्ली द्यायची. त्याने कधी विचारलं नाही. गजर थांबेपर्यंत कप हातात धरून बसायचा.

"पान मेलवर मागवता येतं की," ती एकदा म्हणाली.

"येतं. पण मेल चहा देत नाही."

आज पाचपर्यंत शेवटची मुदत. चारला पाच मिनिटं असताना तो आला, आणि ती "दोनच मिनिटं" म्हणत खुर्चीत टेकली...

जाग आली तेव्हा सहा वाजले होते. समोर तो, मांडीवर घड्याळ, गजराच्या कळीवर अंगठा.

"उठवलं का नाही? मुदत गेली!"

"फोन केला. मालकांनी माझ्या सात पिढ्या उद्धरल्या. उद्या दहापर्यंत थांबतायत."

"आणि दोन तास असेच बसलात?"

"कळ सैल आहे. अंगठा काढला की बोंबलतं."

अंगठ्यावर लाल वळ उठला होता. बाबा गेल्यापासून ती पहिल्यांदाच अशी गाढ झोपली होती.

"तुम्ही कधी काही बोलला नाहीत..."

"तारा लावा," तो खाली बघत म्हणाला. "लेखी पुरावा नाही. पण एवढे गुरुवार, ही पायपीट... ताडता येईल."

ती हसली — दमलेलं, पण हसूच. पानावर सही केली. मग म्हणाली, "काढा अंगठा."

घड्याळ वाजलं. आपोआप थांबेपर्यंत तिने ऐकलं, आणि किल्ली न देता ते फळीवर ठेवलं.

"पुढच्या गुरुवारी पान नसेल."

"मग?"

"मग... नुसतेच या."