आजोबांचं पत्र आणि दारावरचा पहारेकरी

पत्रं गेली होती. ती पोहोचली असंही यंत्र सांगत होतं. पण ज्यांना पाठवली, त्यांच्यापैकी कुणीच ती पाहिली नव्हती. असं कसं होईल, या प्रश्नाने दिवाळीच्या सुट्टीत शलाकाला चैन पडू दिलं नाही.

शलाकाच्या आईचे वडील, डॉ. नरहर केळुसकर, कराडला राहत आणि कृत्रिम हात बनवत. त्या काळात मोठ्या शहरांमध्ये असे हात कारखान्यात भराभर तयार होत. आजोबा मात्र प्रत्येकाच्या दंडाचं माप स्वतः घेऊन हात घडवत, म्हणून त्यांची माणसं मोजकीच होती. मदतीला चिमटा नावाचा यंत्रमानव होता. तो टेबलाएवढा बुटका होता आणि विचारलं तेवढंच बोलायचा.

त्या वर्षी आजोबांनी एक नवी गोष्ट साधली होती. त्यांनी बोटांच्या टोकांवर बसवायचे संवेदक (बाहेरचा बदल टिपणारे सूक्ष्म भाग) तयार केले होते. ते लावले की कृत्रिम हाताला गरम आणि गार कळणार होतं. मात्र त्यांच्यातला द्रव महिनाभरात सुकायचा, म्हणून त्याआधी ते बसवायला हवे होते. आजोबांनी सगळ्यांना ईमेलने पत्र पाठवलं, संवेदक बसवायच्या शिबिराचा रविवार कळवला आणि वाट पाहिली. एकही उत्तर आलं नाही.

शलाका आली तेव्हा आजोबा संवेदकांच्या डब्या कपाटात ठेवत होते. लोकांना आता आपली गरज उरली नसेल, असं ते म्हणाले. शलाकाने फोन करायला सुचवलं. ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांच्या मागे लागणं बरं नाही, असं म्हणून त्यांनी तो विषय संपवला. त्या दिवशी ते नीट जेवलेही नाहीत.

शलाकाला ते बघवेना. तिने आजोबांना न सांगता यास्मिन मुलाणींना फोन लावला. यास्मिनताई जवळच्याच शाळेत शिकवत आणि आजोबांनी केलेल्या हाताने फळ्यावर सुरेख अक्षर काढत. आपल्याला पत्रच आलं नाही, असं त्या म्हणाल्या. शलाकाने त्यांना सगळे कप्पे उघडून बघायला सांगितलं. थोड्या वेळाने ताई हसून म्हणाल्या, "अगं, आहे इथे. लॉटरी लागल्याच्या पत्रांखाली पडलंय."

शलाका धावत चिमट्याकडे गेली. पत्र नकोशा पत्रांच्या कप्प्यात का गेलं, असं तिने विचारलं. चिमटा म्हणाला, "डॉक्टरांनी मला फक्त पाठवायला सांगितलं होतं. ते वाचलं जाईल का, हे कुणी विचारलं नव्हतं."

मग त्याने सावकाश समजावलं. प्रत्येकाच्या ईमेलच्या दारावर एक पहारेकरी असतो. तो माणूस नसतो, आज्ञावली (संगणकाला दिलेल्या सूचनांचा संच) असते. रोज इतकी खोटी पत्रं येतात, की हा पहारेकरी नसता तर खरं पत्र सापडलंच नसतं. पत्र आलं की तो आधी बघतो, ज्याचं नाव लिहिलंय त्यानेच ते पाठवलंय का. त्यासाठी अंकीय सही (गणिताने तयार केलेली मोहोर) लागते. तिच्या दोन किल्ल्या असतात. एक गुप्त, फक्त पाठवणाऱ्याकडे. तिने मोहोर उमटते. दुसरी सगळ्यांसाठी उघड्यावर ठेवलेली. तिने मोहोर तपासता येते, पण उमटवता येत नाही. वाटेत कुणी एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी मोहोर जुळत नाही. आजोबांच्या पत्रावर मोहोरच नव्हती.

शिवाय त्यांनी जुन्या नोंदींमधले सगळे पत्ते घेतले होते. त्यातले बरेच बंद पडलेले होते. बंद पत्त्यांवर पत्रं पाठवणारा माणूस अंदाजाने खडे मारतोय, असं पहारेकऱ्याला वाटतं. त्यात आजोबांनी वर लाल अक्षरांत 'मोफत' लिहिलं होतं, आणि पत्र नको असेल तर तसं सांगायची सोय खाली नव्हती.

शलाकाने हे सगळं आजोबांना सांगितलं. मोहोर त्यांना लगेच पटली, बंद पत्तेही त्यांनी काढून टाकले. पण पत्र पाठवू का असं आधी विचारायचं, ही शलाकाची सूचना काही त्यांना रुचेना. आपल्याच माणसांना काय विचारायचं, असं त्यांचं म्हणणं.

"आजोबा, तुम्ही माप घेताना आधी काय म्हणता?" शलाकाने विचारलं.

दंडाला हात लावण्याआधी आजोबा प्रत्येकाला विचारत, 'धरू का?' इतक्या वर्षांत एकदाही ते विसरले नव्हते. ते खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, "लिही."

दोघांनी चार ओळींचं पत्र लिहिलं. दर महिन्याला हाताची काळजी आणि नव्या शोधांबद्दल लिहीन, चालेल का? चालत असेल तर 'हो' दाबा, नको असेल तर 'नको'. खाली शिबिराचा रविवार. चिमट्याने मोहोर उमटवली. शिबिर तोंडावर आलं होतं, म्हणून यास्मिनताईंनी ओळखीच्यांना फोन करून ते पत्र बघायला सांगितलं.

संध्याकाळपासून उत्तरं येऊ लागली. प्रत्येक 'हो' आजोबा मोठ्याने वाचत होते. मग एक 'नको' आलं. ते दामोदर गुरवचं होतं. दामोदर पाचवीत असताना आजोबांनी त्याला पहिला हात बसवला होता, आणि तो वाढेल तसे नवे करून दिले होते. चिमट्याने विचारलं, नाव काढू का? शलाकाला वाटलं, आजोबा नाही म्हणतील. पण ते म्हणाले, "काढ. विचारलं, तर ऐकायलाही हवं."

रविवारी अंगणात खुर्च्या पुरल्या नाहीत. आणि सगळ्यांत आधी आला तो दामोदरच. आजोबा गोंधळले. तुझं तर 'नको' आलं होतं, असं त्यांनी चाचरत विचारलं.

"पत्र नको म्हणालो, डॉक्टर. तुम्ही नको असं कधी म्हणालो?" दामोदर म्हणाला. दिवसभर कामावर पडदाच वाचायचा असतो, घरी पुन्हा वाचायला डोळे तयार नसतात, असं त्याने सांगितलं. त्यापेक्षा तो महिन्यातून एकदा इथे येऊन बसणार होता.

आजोबांनी त्याच्या बोटांवर संवेदक बसवले. शलाकाने चहाचा कप पुढे केला. दामोदरने बोट टेकवलं आणि चटकन मागे घेतलं. मग त्याने तोच हात आजोबांच्या हातावर ठेवला आणि तसाच राहू दिला.

"गार आहे हो तुमचा हात," तो म्हणाला. आजोबांनी आपला दुसरा हातही त्याच्या हातावर ठेवला.

पुढच्या महिन्याचं पत्र शलाकाने लिहिलं आणि आजोबांनी तपासलं. या वेळी पहारेकऱ्याने ते कुठेच अडवलं नाही. दुसऱ्याच दिवशी फलटणच्या एका मुलीचं उत्तर आलं. तिने विचारलं होतं, या हाताला ओलं कळेल का? मला पावसात हात बाहेर काढून बघायचाय.

आजोबांनी ते पुन्हा वाचलं, चष्मा पुसला आणि चिमट्याला टेबल मोकळं करायला सांगितलं.