लोखंडी कपाटातलं वायफाय

सत्यशीला गच्चीवर लॅपटॉप डोक्यावर धरून उभी होती, आणि शेजारच्या गिरणीच्या पत्र्यावरून एक माणूस तिच्याकडं बघत होता. मंठ्यात मुलींकडं बघणाऱ्यांची कमतरता नव्हती, पण त्यासाठी पत्र्यावर चढलेला हा पहिलाच. ती पाठ फिरवणार तेवढ्यात तो म्हणाला, "तिथं न्हाई मिळणार, मॅडम. टाकीकडं सरका जरा."

ती सरकली. वायफायची एक काडी आली, आणि गेली.

"गेली," ती म्हणाली.

"तुम्ही हसल्या. हालल्यावर जातीच."

"मी हसले न्हाई."

"मंग माझी बघण्यात चूक झाली," तो म्हणाला, आणि हातातली टीव्हीची डिश बरोबर त्याच वेळी त्याच्या पायावर पडली. या खेपेला ती हसली, हे दोघांनाही मान्य होतं.

त्याचं नाव संपत खरात. बस स्टँडसमोर त्याचं दुकान होतं, आणि पाटीवर कॉम्प्युटर, मोबाईल, डिश अशा, बिघडू शकणाऱ्या बहुतेक वस्तूंची नावं होती. गिरणीवाल्या बद्रीनाथची डिश बसवून झाली की इकडं बघून जा, असं सत्यशीलेचे वडील अप्पाराव यांनी खालून ओरडून सांगितलं. निवृत्त शिक्षक असल्यामुळं त्यांना खालून ओरडणं सहज जमे.

प्रकरण असं होतं. सत्यशीलेला बंगळूरचं स्थळ आलं होतं. मुलगा मोठ्या कंपनीत, आणि कंपनी मोठी असल्यामुळं त्याला सुट्टी नव्हती. तेव्हा बघण्याचा कार्यक्रम लॅपटॉपवर करायचा ठरलं. २००९ साल होतं, त्यामुळं यात मंठ्याला वाटलाच तर अभिमान वाटला असता. पुण्याहून भाऊ साहेबरावनं लॅपटॉप धाडला, अप्पारावांनी फोनच्या तारेवर इंटरनेट घेतलं. पण खालच्या खोलीत गिरणीची घरघर. त्या आवाजात कार्यक्रम केला तर मुलगी दळायला बसलीय असं पाहुण्यांना वाटायचं. बद्रीनाथला तासभर गिरणी बंद ठेव म्हणावं, तर कारण सांगावं लागणार, आणि बद्रीनाथला सांगितलेलं संध्याकाळपर्यंत बाजारात पोचणार. म्हणून कार्यक्रम वरच्या खोलीत. आणि वरच्या खोलीत सिग्नल पोचत नव्हता.

का पोचत नव्हता, हे कळायला अवघड नव्हतं. वायफाय हवेतून शेजाऱ्यांच्या घरात जातं आणि शेजारी ते फुकट वापरतात, असं अप्पारावांना कुणीतरी सांगितलं होतं. पूर्वी फोनला कुलूप लावणारा तो माणूस. त्यांनी इंटरनेटचा डबा लोखंडी कपाटात ठेवला, कपाटाला मागून भोक पाडून तार आत घेतली, आणि किल्ली सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. शेजाऱ्यांना खरोखर काही मिळालं नाही.

सत्यशीला बी.एस्सी. होती, शाळेत विज्ञान शिकवायची. चालू रेडिओ पत्र्याच्या पेटीत घालून झाकण लावलं की तो मुका होतो, हे ती दरवर्षी नववीला करून दाखवत असे. घरात मात्र तिनं ते दाखवलं नाही. बंगळूरचा मुलगा वाईट असेल असं नाही. तिला फक्त तिकडं जायचं नव्हतं, आणि हे कसं सांगायचं ते सुचेपर्यंत कपाट उपयोगी पडत होतं.

संपतनं तार कपाटात गेलेली बघितली. आत काय आहे म्हणून विचारलं. अप्पारावांनी अभिमानानं सांगितलं. तेवढ्यात सत्यशीला चहा घेऊन आली, आणि संपत म्हणाला, "अँटेना करावा लागंल, सर. टाइम लागंल थोडा."

मग अँटेने सुरू झाले. तेलाच्या डब्याचा एक झाला. तो नेम धरून जिन्याकडं वळवला की एक काडी यायची आणि कुणी जिना चढलं की जायची. मग सत्यशीलेच्या आईची, चांगुणाबाईंची पिठाची चाळणी गेली. पीठ कशानं चाळू, म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा पोरीच्या लग्नापुढं चाळणीचं काय घेऊन बसलीस, असं अप्पाराव म्हणाले. दोनदा बंगळूरला कळवावं लागलं की कार्यक्रम पुढच्या रविवारी. संपत रोज संध्याकाळी यायचा, डबा फिरवायचा. सत्यशीला लॅपटॉपकडं बघून आली, गेली असं सांगायची. कधीकधी ती लॅपटॉपकडं न बघताच सांगायची. त्याच्या ते लक्षात यायचं, आणि तो डबा आणखी हळू फिरवायचा.

एका शनिवारी भुरभुर पाऊस आला. संपतनं झटकन छत्री उघडली आणि लॅपटॉपवर धरली.

"मी भिजून राह्यले," सत्यशीला म्हणाली.

"तुम्ही वाळता, मॅडम. हे वाळत न्हाई."

मग त्याला स्वतःचंच बोलणं कसंतरी वाटलं असावं, कारण छत्री थोडी सरकली. ती तिच्यावर पुरती आली नाही आणि लॅपटॉपवर पुरती राहिली नाही. खांदा खांद्याच्या फार जवळ आला... आणि दोघांनीही समोरच्या रिकाम्या काड्यांकडं मोठ्या एकाग्रतेनं बघितलं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "कपाटाचं तुम्हाला कधी कळलं?"

त्यानं छत्रीचा हात बदलला. "पहिल्याच दिवशी."

"मंग सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं असतं तर काम त्याच दिवशी संपलं असतं." त्यानं मान वळवली. "आन् तुम्ही?"

"मलाबी काम संपवायचं नव्हतं," ती म्हणाली. मग, पावसाकडं बघत — "म्हणजे... आधी बंगळूरमुळं. नंतर बंगळूरमुळंच असं न्हाई."

यापुढं तो काही बोलेल असं तिला वाटलं. तो बोलला, पण धंद्याचं. सरांनी जालन्याहून दुसरा माणूस बोलावलाय, सोमवारी येईल, आणि आल्या आल्या कपाट उघडायला लावेल. बस स्टँडवर तर लोक आताच म्हणून राह्यलेत, संपतला एक घर जमंना. दोन गिऱ्हाईकं परत गेल्ती. हे त्यानं तक्रार म्हणून सांगितलं नाही, त्यामुळं तिला जास्त लागलं.

"उद्या सिग्नल यावा का न यावा?" त्यानं विचारलं. "तुम्ही म्हणाल तसं करतो. नाव जाऊ द्या माझं."

त्या रात्री सत्यशीलेनं विचार केला, की ज्या माणसाला आपण इथं ठेवू बघतो, त्याचं दुकानच बसत असेल तर कपाटाचा आडोसा घेण्यात अर्थ नाही. सकाळी तिनं वडिलांकडं किल्ली मागितली.

"अण्णा, डबा बाहेर काढा. लोखंडातून सिग्नल येत न्हाई. मला आधीपासून माहीत होतं."

अप्पाराव शेजाऱ्यांचं म्हणू लागले. तिनं समजावलं की आत अक्षरांचं कुलूप घालता येतं, आणि त्याची किल्ली फक्त त्यांच्या डोक्यात राहील. किल्ली खिशातून डोक्यात जाणं त्यांना बढतीसारखं वाटलं. कपाट उघडलं. वर सगळ्या काड्या एकदम भरल्या. कार्यक्रमासाठी सकाळीच आलेल्या संपतनं मुकाट्यानं आपले डबे गोळा करायला घेतले.

बंगळूर पडद्यावर आलं. मुलगा नीटनेटका होता, नम्र होता, सत्यशीलेच्या शाळेबद्दल त्यानं चांगलं विचारलं. अप्पाराव आणि चांगुणाबाई तिच्या बाजूला सावरून बसले होते. मग मुलगा थोडा पुढं झुकला.

"मागं ते डबा घेऊन उभे आहेत, ते तुमचे भाऊ का?"

सगळ्यांनी मागं बघितलं. संपत दारात थबकला होता, काखेत तेलाचा डबा.

"न्हाई," सत्यशीला म्हणाली. "भाऊ न्हाईत." तिचे हात मांडीवर गच्च होते, आवाज मात्र वर्गात असतो तसा. "त्यांना मी अजून विचारलेलं न्हाई. पण मला त्यांच्याशी लग्न करायचंय. तुम्हाला आधी सांगायला पाहिजे होतं... सिग्नल नव्हता."

अप्पाराव लॅपटॉपवर वाकले.

"हॅलो... आवाज तुटून राह्यलाय का तिकडं?" त्यांनी मोठ्या आशेनं विचारलं.

"नाही, काका. एकदम स्वच्छ ऐकू आलं," मुलगा म्हणाला. थोडं थांबून त्यानं सत्यशीलेला शुभेच्छा दिल्या, आणि पडदा काळा झाला.

अप्पारावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. समोरचं दृश्य तेच राहिलं. "तुम्हाला माहीत होतं हे?" त्यांनी संपतला विचारलं.

"न्हाई, सर," संपत म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. तो सत्यशीलेकडं बघत होता, आणि आता त्यासाठी त्याला कुठला डबा फिरवायची गरज नव्हती. "मला वाटत होतं, मला एकट्यालाच..."

सत्यशीलेनं मान खाली घातली, पण हसू लपवलं नाही.

अप्पाराव काही बोलण्याच्या बेतात होते. त्याआधी चांगुणाबाई उठल्या, लॅपटॉपसमोरची खुर्ची त्यांनी संपतकडं वळवली, आणि पदर सारखा केला.

"बसा," त्या म्हणाल्या. "घरी कोण कोण असतं तुमच्या?"