पडद्याआधीचा आवाज

अंधशाळेच्या व्हरांड्यात भरदुपारीही काळोख असायचा. दिवे लावायचं कुणाला सुचायचंच नाही. तिथेच तो तिच्यावर आदळला, हातातल्या लॅपटॉपसकट.

"सॉरी, दिसलं नाही..."

"या शाळेत ही सबब चालत नाही."

तो हसला, आणि नको नको म्हणत तीही. आठ महिन्यांत पहिल्यांदाच.

तो कोण हे कळलं आणि हसू मावळलं. शाळेच्या चाळीस संगणकांसाठी, संगणक चालवणाऱ्या दोन ऑपरेटिंग सिस्टीम समोरासमोर होत्या; एकीची निवड आज व्हायची होती. दोन्ही फुकट, दोन्हींचा कोड सगळ्यांना खुला. त्याची देखणी, ती घडवणारी दोनशे माणसं. तिची दिसायला बेतास बात, पण बटण दाबताक्षणी बोलायला लागायची. तिच्या अंध दादाने ती लिहिली होती. आठ महिन्यांपूर्वी दादा गेला आणि सगळं तिच्या एकटीच्या गळ्यात आलं. ही शाळा हातची गेली की ती वापरणारं कुणीच उरणार नव्हतं.

"म्हणजे तुम्ही ते रंगारी!"

"आणि तुम्ही... बडबडीवाल्या?"

मुख्याध्यापिका बाई जन्मांध. त्याने आपली सिस्टीम घातलेला संगणक सुरू करून दिला. बाई कीबोर्डवर हात ठेवून बसल्या, आणि बसूनच राहिल्या.

"सुरू झालं?"

"केव्हाच, बाई."

"मग मला कुणी सांगायचं?"

त्याचा चेहरा पडला. "आमचं चुकलं," त्याने सरळ सांगून टाकलं. "आवाज आहे, पण तो चालू करायला डोळस माणूस लागतो." तो तिला तिथेच आवडला. तिला स्वतःचाच राग आला.

मग बाईंनी तिच्या संगणकाचं बटण दाबलं आणि तो लगेच बोलू लागला. बाई तिच्याकडे वळल्या. "पोरी, तुझंच बरं आहे गं. पण तू एकटी. उद्या तुला काही झालं, तर माझ्या मुलांनी काय करायचं?"

दादाच्या आजारपणात तिने त्याला हेच विचारलं होतं.

बाहेर पायऱ्यांवर तो शेजारी येऊन बसला. "दादांचा तो आवाज सुरू करणारा भाग... आमच्यात घेऊ?"

"विचारता कशाला? खुलाच आहे. कुणीही उचलावा."

"माहीत आहे. पण तो घेतला की तुमच्याकडे वेगळं काही राहत नाही. तुम्ही नाही म्हणालात, तर नाही घेणार." तो अडखळला. "आणि... मला तुम्ही आवडता. पण ते निराळं. यात त्याची भेसळ करू नका."

तिला रडू आवरेना. आत चाळीस मुलं होती, आणि त्यांच्यासाठी तिच्या एकटीचा भरवसा पुरत नव्हता.

"घ्या," ती शेवटी म्हणाली. "दादाचं नाव तेवढं राहू द्या."

"राहील. आणि ते दुसरं...?"

"आज नका विचारू. आज माझा दादा दुसऱ्यांदा गेलाय."

तो उठला नाही. तिनेही त्याला जा म्हटलं नाही.