गोलकीपरच्या शर्टावरचा डाग

"लिहून ठेव सरुबाई! रविवारी या गल्लीतलं एक जरी पोरगं आपणहून गोलात उभं राहिलं ना, तर मी स्वतः उभा राहीन! लग्नातला पांढरा कुर्ता घालून! पाच पेनल्ट्या झेलीन, सगळ्यांसमोर!"

हिरामणकाकांचा आवाज अख्ख्या ग्राउंडभर गेला. सरुबाईने आपल्या गाडीवरच्या पोह्यांवर शेव भुरभुरवत विचारलं, "आणि नाही कोणी राहिलं तर?"

"तर सगळ्या टीमला तुझ्याकडून मावा जिलेबी!"

"मंजूर! पण कुर्ता तोच हां. कडक इस्त्रीचा!"

काकांना जिलेबीचा वास आत्ताच यायला लागला होता. ग्राउंडला लागूनच त्यांचा केळी भरायचा शेड, त्यामुळे त्यांना सगळं दिसायचं. पंधरा दिवसांत चार गोलकीपर पळाले होते! रविवारी दापोऱ्याच्या टीमशी मॅच, आणि गोल रिकामा.

पाचवी गोलकीपर तृप्ती. तिला मात्र गोलात उभं राहायला खरंच आवडायचं. पण कालच तिच्या आईने धुतलेला शर्ट तिच्यासमोर धरला होता. छातीवर हा एवढा तपकिरी डाग! केळीच्या चिकाचा डाग बुऱ्हाणपूरच्या कुठल्याही आईला लांबूनच ओळखू येतो. आणि तो कशानेच निघत नाही, हेही तिला माहीत असतं.

"ग्राउंडच्या नावाखाली कोणाच्या बागेत हिंडत होतीस?"

"मी कुठेच गेले नाही, आई!"

"मग हा चीक आभाळातून पडला? डाग एक वेळ चालेल, खोटं नाही चालणार. फुटबॉल बंद!"

खेळ बंद झाला त्यापेक्षा 'खोटं' हा शब्दच तृप्तीला जास्त लागला. आज ती सरुबाईच्या गाडीपाशी तोंड पाडून बसली होती; काकांची पैज तिच्याही कानावर पडली होती. टीममधले मोहित आणि नीलेश आले.

"आधीचे चौघं का पळाले, विचारलंस कधी?" तिने मोहितला विचारलं.

"गोलात कोणाला मजा येते यार! गोल मारला की माझं नाव, गोल खाल्ला की गोलकीपरचं!"

"ते तर आहेच. पण मी चौघांनाही विचारलं. चौघांच्या शर्टावर हाच डाग! चौघांनाही घरी हाच ओरडा!"

"गोलात भूत आहे, भूत!" नीलेश ओरडला.

"मग मोहितचा शर्ट कोरा कसा? मोहित, तू चेंडूला काय लावतोस?"

"पाय. कधी डोकं."

"आणि आम्ही?"

नीलेशचे डोळे मोठे झाले. "तुम्ही पोटाशी धरता!"

बस! नीलेशने घरून दोन पांढरे रुमाल आणले. एक खेळाच्या आधी चेंडूवर घासला, दुसरा खेळ संपल्यावर. गोलात कोणीच नसल्यामुळे चेंडू दर दोन मिनिटांनी मागच्या खड्ड्यात जात होता. संध्याकाळी दोन्ही रुमाल अगदी सारखे दिसत होते. मोहित हसला. पण सकाळी? पहिला तसाच पांढरा, दुसऱ्यावर तपकिरी ठिपके!

तिघं गोलामागच्या खड्ड्याकडे धावले. वाळका पाला बाजूला केला, तर खाली केळीच्या घडांचे दांडेच दांडे! फण्या कापून फेकलेले, ताजे, पाण्यासारखा, वाळल्यावरच तपकिरी होणारा चीक गाळणारे.

"काकांच्या शेडमधले! चल, आत्ताच विचारू!" मोहित म्हणाला.

"ते म्हणतील, माझे नाहीत," नीलेश म्हणाला. "आणि मोठी माणसं आपलं ऐकतात की काकांचं?"

तृप्तीने खड्ड्यापासून गोलापर्यंतचं अंतर नजरेने मोजलं. मग म्हणाली, "मोहित, रविवारी काकांना तिसरी पेनल्टी तू मारायची. गोलावरून, सरळ खड्ड्यात."

"मुद्दाम चुकवू? दापोऱ्याच्या पोरांसमोर? हसतील ना सगळे!"

"आम्ही रोज ऐकतो ते. एक दिवस तू ऐक."

रविवारी ग्राउंडवर गर्दी! तृप्तीने आईलाही हात धरून आणलं होतं. सगळ्यांसमोर ती म्हणाली, "मला गोलात उभं राहायचंय. माझ्या मर्जीने. बाकी आई ठरवेल, पण काकांच्या पेनल्ट्या झाल्यावर."

"आपणहून म्हणाली! हिरामणभाऊ, हरलात! घाला तो कुर्ता!" सरुबाई ओरडली.

काका शर्तीला पक्के. कडक इस्त्रीचा कुर्ता घालून गोलात उभे राहिले. पहिला चेंडू पायांमधून गेला, दुसरा कानाजवळून; दोन्ही नीलेशने मागे खड्ड्याआधीच अडवले. तिसऱ्याला मोहित आला. धावला, मारला... चेंडू गोलावरून थेट खड्ड्यात!

"अरे हा तुमचा हिरो?" दापोऱ्याची पोरं खो खो हसली. मोहितचे कान लालबुंद झाले. त्याने तृप्तीकडे बघितलं. असं वाटतं होय रोज!

नीलेश चेंडू घेऊन आला तसे काका किंचाळले, "अरे थांब भो! आधी पुसून आण! नीट पुस!"

"काय पुसू, काका?"

"चीक रे, चीक! कुर्ता खराब होईल माझा!"

तृप्तीची आई पुढे आली. "भाऊजी, चेंडूला चीक लागलाय, हे तुम्हाला कसं माहीत?"

काकांनी खड्ड्याकडे बघितलं, मग पोरांकडे. नीलेशने खिशातून दोन्ही रुमाल काढून धरले.

"दांडे माझेच आहेत," काका हळूच म्हणाले. "शेतात नेऊन टाकायचा कंटाळा. पोरांच्या अंगाला लागतंय, हे डोक्यातच नाही आलं हो."

आई तृप्तीजवळ गेली. "मी तुला खोटी म्हटलं," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "चुकलं माझं. जा, उभी राहा गोलात."

"शाबास गं पोरी!" सरुबाईने झारा वाजवला. "पण भाऊ, दोन पेनल्ट्या राहिल्यात!"

चौथी नीलेशने मारली, गोल! चेंडू परत खड्ड्यात जाऊन आला. पाचवीला तृप्ती स्वतः आली. तिने जोरात चेंडू हाणला. काकांनी डोळे मिटून उडी घेतली, आणि चेंडू हातात!

"पकडला! अरे, पकडला मी!" काका चेंडू छातीशी घट्ट कवटाळून नाचू लागले.

"काका, कुर्ता!" सगळी पोरं ओरडली.

काका थांबले. चेंडू तसाच छातीशी धरून त्यांनी खाली बघितलं. मग मान वर करून तृप्तीला म्हणाले, "राहू दे गं. हा डाग कमावलाय मी!"